ओझोन म्हणजे नुसती छत्री नव्हे : वाढता उन्हाळा आणि आपल्या श्वासातला ओझोन



दरवर्षी १६ सप्टेंबरला आपल्या शाळांत जागतिक ओझोन दिन साजरा होतो. फळ्यावर पृथ्वी काढली जाते, तिच्यावर निळी छत्री, छत्रीला एक भोक आणि खाली घोषवाक्य : 'ओझोन वाचवा, पृथ्वी वाचवा'. यात चूक काहीच नाही. १९८७ साली याच तारखेला माँट्रियल करारावर सह्या झाल्या, फ्रीज-एसीमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंवर जगाने बंधनं घातली आणि विरळ झालेला तो थर आता हळूहळू भरून येतो आहे. माणसांनी एकत्र येऊन एक मोठं संकट मागे हटवलं, ही गोष्ट मुलांना सांगायलाच हवी.

माझी तक्रार एवढीच, की आपण तिथेच थांबतो. पाचवीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, ओझोन चांगला की वाईट? उत्तर ठरलेलं : चांगला. मोठ्यांचंही तेच. म्हणूनच तर 'ओझोनयुक्त ताजी हवा' देणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातींना लोक भुलतात. खरं तर श्वासातून आत जाणारा ओझोन हा विषारी वायू आहे. आणि आज या लेखातून मला त्याच्याही पुढचं एक सांगायचंय. जमिनीलगतचा हा ओझोन आटोक्यात ठेवण्याचं काम तापमानवाढीमुळे दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. 'हवेचे प्रदूषण' आणि 'हवामानबदल' हे आपण दोन वेगळे धडे म्हणून शिकवत राहिलो, तर मुलांना ही गोष्ट कधीच कळणार नाही.

वरचा ओझोन आणि खालचा ओझोन

रेणू एकच, ऑक्सिजनच्या तीन अणूंचा. फरक जागेचा आहे. स्थितांबरात, म्हणजे साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो, म्हणून तिथे तो आपला रक्षणकर्ता. खाली तपांबरात, आपल्या नाकाच्या उंचीवर तोच ओझोन श्वासनलिकेचा दाह करतो, खोकला आणतो, दमा असलेल्या मुलाचा त्रास वाढवतो. तिखट पाण्यात मिसळून फवारलं तर पिकावरची कीड पळते, तेच डोळ्यांत गेलं तर काय होतं हे मुलांना सांगावं लागत नाही. तसंच हे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की खालचा ओझोन कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो. वाहनं, वीजकेंद्रं, जनरेटर आणि बॉयलर यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. पेट्रोलची वाफ, रंग, थिनर, जळता कचरा आणि चुलीचा धूर यांतून पटकन उडून जाणारी सेंद्रिय रसायनं येतात. या दोन्हींवर कडक ऊन पडलं की त्यांच्यात अभिक्रिया होऊन ओझोन बनतो. त्यामुळे सकाळी तो कमी असतो आणि दुपारी सगळ्यात जास्त.

मुलांना हे समजवायला मला दह्याचं उदाहरण सगळ्यात सोपं वाटतं. दूध आहे, विरजण आहे आणि ऊब आहे. तिन्ही असतील तरच दही लागतं. नुसतं दूध उबेला ठेवलं तर दही होत नाही, आणि विरजण लावून फ्रीजमध्ये ठेवलं तरी होत नाही. आता पुढचं बघा. डिसेंबरात रात्रभर ठेवूनही दही नीट लागत नाही, आणि एप्रिलमध्ये तेवढंच दूध, तेवढंच विरजण चार-पाच तासांत लागतं, वर आंबटही होतं. दूध वाढवलं नाही, विरजण वाढवलं नाही, वाढली ती फक्त ऊब. तापमानवाढ आणि ओझोन यांचं नातं थोडंफार असंच आहे. गाड्या तेवढ्याच, धूर तेवढाच, पण दिवस जास्त तापला की ओझोन जास्त.

लॉस एंजेलिसने काय शिकवलं

या विषयाची मुळाक्षरं अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात गिरवली गेली. १९४३च्या जुलैमध्ये या शहरावर असा काही धूसर पडदा पसरला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, त्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशीही शंका आली. मग एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर बोट ठेवलं गेलं. तो बंद झाला, तरी धुरकं गेलं नाही.

उत्तर सापडलं ते १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाला. ते आधी अननसाच्या वासावर काम करत होते! शहराभोवतीच्या शेतांतल्या भाज्यांची पानं डागाळत होती, रबराला चिरा पडत होत्या. त्यांनी दाखवून दिलं, की गाड्यांचा धूर आणि तेलशुद्धीकरणातून निसटणाऱ्या वाफा यांच्यावर कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन पडून ओझोन तयार होतो. गुन्हेगार एखादा कारखाना नव्हता. रोज लाखो लोक चालवत होते त्या गाड्याही त्यात होत्या.

पुढे कायदे झाले. १९७५च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, इंधन सुधारलं, पंपावरची वाफ अडवली गेली. लोकसंख्या आणि गाड्या कितीतरी वाढूनही तिथला कमाल ओझोन निम्म्याहूनही खाली आला. हे यश लहान नाही. पण आजही ते खोरं अमेरिकेचं ओझोनचं मानक पूर्ण करू शकलेलं नाही, आणि शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड जातो आहे. त्याची कारणं अनेक आहेत, त्यातलं एक उष्णता. ६ सप्टेंबर २०२० रोजी लॉस एंजेलिस परगण्यात ४९.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्याच हंगामात वणव्यांचा धूरही होता. माणूस जिना चढतोय आणि जिनाच खाली सरकतोय, असं काहीसं तिथे चाललंय.

उन्हाळा वाढला की नेमकं काय होतं?

शास्त्रज्ञ याला 'हवामानबदलाचा दंड' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. आपण प्रदूषण न वाढवताही हवामान आपल्याकडून वसूल करतं तो हा दंड. तो कसा बसतो, ते थोडक्यात असं :

१) उष्णतेत अभिक्रिया वेगाने होतात. थंडीत नायट्रोजनची काही ऑक्साइडं एका संयुगात अडकून पडतात. हवा तापली की ते संयुग तुटतं आणि ती पुन्हा मोकळी होतात.

२) झाडं तापली की आयसोप्रीन नावाचं रसायन जास्त सोडतात. निलगिरी, ओक, पॉप्लर यांसारखी झाडं ते बरंच सोडतात. पेट्रोल, थिनर यांची वाफही उन्हात जास्त होते.

३) उष्णतेच्या लाटेत हवा बऱ्याचदा कोंडल्यासारखी स्थिर असते. वारा नसला की तयार झालेला ओझोन तिथेच साठतो.

४) पानांवरची पर्णरंध्रं एरवी हवेतला बराच ओझोन शोषून घेतात. दुष्काळात, कडक उन्हात झाड पाणी वाचवायला ती मिटून घेतं. म्हणजे हवा साफ करणारी एक खिडकीच बंद.

५) आणि माणूस काय करतो? पंखे, कूलर, एसी सुरू. वीज जास्त लागते, वीजकेंद्रं आणि जनरेटर जास्त चालतात, धूर वाढतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तापमानवाढ सगळीकडे ओझोन वाढवतेच असं नाही. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत बाष्प वाढलं की ओझोन उलट कमी होतो. दंड बसतो तो जिथे आधीच धूर आहे तिथे, म्हणजे जिथे माणसं राहतात तिथे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हा दंड कमी करता येतो! अमेरिकेच्या पूर्व भागात ग्रामीण केंद्रांवरच्या दोन दशकांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. २००२ पूर्वी तापमान एक अंशाने वाढलं की ओझोन सरासरी ३.२ पीपीबीने, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत ३.२ भागांनी वाढत होता. नंतर वीजकेंद्रांच्या नायट्रोजन ऑक्साइडांवर कडक बंधनं आली, आणि तोच आकडा २.२ पीपीबीवर आला. ऊन तेच, अंश तोच, पण दंड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. दूध-विरजणच कमी असेल तर ऊब किती करणार? 'तापमान वाढतंय, आता काय उपयोग' असं म्हणणाऱ्यांना मी हेच दोन आकडे सांगते.

एका शहराच्या हातात सगळं नाही

ओझोनची एक गंमत आहे, तशी ती गंमत नाहीच. गाड्यांच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला लगेच खाऊन टाकतो. त्यामुळे गजबजलेल्या चौकात ओझोन कमी सापडतो, आणि वाऱ्याच्या दिशेला पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या हिरव्यागार गावात जास्त. धूर शहराचा आणि त्रास गावाचा. वारा जिल्ह्याची हद्द बघत नाही आणि राज्याचीही नाही. म्हणूनच याला प्रादेशिक प्रदूषण म्हणतात. एका महापालिकेने कितीही मनावर घेतलं तरी शेजारचे जिल्हे सोबत नसतील तर भागत नाही.

याहून मोठं वर्तुळ मिथेनचं. कचऱ्याचे डोंगर, भातखाचरं, गुरं, कोळसा खाणी, गळक्या गॅसवाहिन्या यांतून मिथेन येतो. तो हवेत साधारण दशकभर टिकतो, जगभर पसरतो आणि सगळीकडचा मूळ ओझोन थोडाथोडा वाढवतो. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत हवेतला मिथेन आता अडीचपटीहून जास्त आहे. शिवाय तो स्वतः जोरदार हरितगृह वायू. म्हणजे तो दूधही वाढवतो आणि ऊबही! मिथेन कमी केला तर एका दगडात दोन पक्षी. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत अनेक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करण्याची शपथ घेतली, भारताने त्यावर सही केली नाही. भात आणि गुरं हा लहान शेतकऱ्याचा प्रपंच आहे, त्यामुळे ती अडचण मी समजू शकते. पण कचराभूमीला ही सबब लागू नाही. २०१६च्या जानेवारीत मुंबईतल्या देवनार कचराभूमीला लागलेली आग आठवा. ओला कचरा वेगळा करून खत करणं हे काम नुसतं स्वच्छतेचं नाही, ते ओझोनचंही आहे.

लॉकडाऊनमध्ये हवा स्वच्छ झाली होती ना?

हा प्रश्न पालक हमखास विचारतील. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये धूळ आणि नायट्रोजन डायऑक्साइड खरंच खूप कमी झाले, आकाश निळं दिसलं. पण जगातल्या आणि आपल्या देशातल्याही अनेक शहरांत ओझोन कमी होण्याऐवजी वाढला. कारण वर सांगितलंच : ओझोनला खाणारा गाड्यांचा ताजा धूर कमी झाला, आणि सेंद्रिय रसायनं व ऊन मात्र होतंच. चीननेही २०१३ नंतर धूलिकण झपाट्याने कमी केले, पण त्यांच्या शहरांत उन्हाळ्यातला ओझोन वाढला.

याचा अर्थ धूर सोडत राहा असा मुळीच नाही. अर्थ असा, की एकच घटक थोडासा कमी करून ओझोन ऐकत नाही. दोन्ही बाजूंनी, भरपूर आणि सलग काही वर्षं कपात करावी लागते. अर्धवट औषधाने ताप उतरत नाही, तसं.

आपल्याकडे काय चाललंय?

आपल्या देशाने २००९ साली ओझोनचं मानक ठरवलं आहे : आठ तासांची सरासरी एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम, आणि एका तासासाठी १८०. हवा गुणवत्ता निर्देशांकातही ओझोन आहे. पण जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचं लक्ष्य धूलिकणांचं आहे. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, चंद्रपूर अशी आपली शहरं त्यात आहेत. चौकात कारंजी बसतात, रस्त्यावर पाणी मारणारे टँकर फिरतात. धूळ बसत असेल, ओझोनला त्याचं काय? मला वाटतं, लक्ष्य फक्त धुळीचं ठेवणं ही या कार्यक्रमातली मोठी उणीव आहे. उन्हाळे तापत जाणार हे माहीत असताना ओझोनचं लक्ष्य आजच ठरायला हवं.

हा प्रश्न शहरी लोकांचाच आहे असंही समजू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा अंदाज असा, की २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशातल्या गहू आणि तांदळाचं मिळून सुमारे ५६ लाख टन नुकसान झालं. तेवढ्या धान्यात सुमारे ९ कोटी ४० लाख गरीब माणसांचं वर्षाचं धान्य भागलं असतं. ओझोन पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि पान आतून कमजोर करतो. शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं, पाणी कमी पडलं. न दिसणाऱ्या चोराला तो कसा पकडणार? आपल्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरातली असतील, तर हा विषय त्यांच्या घरातलाच आहे.

"आधीच अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे कुठे?"

हे मला कळतं. प्रशिक्षणं, ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं यांतून शिकवायलाच वेळ मिळत नाही. पण मी नवा धडा मागत नाहीये. हवेचा धडा आहेच, उष्णतेचा आहेच, पर्णरंध्रं आहेत, कचरा व्यवस्थापन आहे. त्यांना एका दोऱ्यात ओवायचंय, एवढंच.

"लहान मुलांना कशाला घाबरवायचं?" असंही कुणी म्हणेल. घाबरवायचं नाहीच. पण मूल दुपारच्या उन्हात धावून खोकत असेल तर त्याला कारण कळायला हवं, आणि आपल्यालाही. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात आणि बाहेर जास्त खेळतात. साधा किंवा धुळीचा मास्क हा वायू अडवत नाही. त्यामुळे वेळ सांभाळणं हाच सोपा उपाय.

शाळेत आणि घरी करता येण्यासारखं

• सकाळची शाळा जपा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा ही आपली जुनी पद्धत, ऊन टाळायला सुरू झालेली. ती ओझोनपासूनही वाचवते, कारण सकाळी तो सगळ्यात कमी असतो. कवायत, धावण्याचा सराव, उन्हाळी शिबिरातले खेळ दुपारी १२ ते ४ या वेळेत ठेवू नका. त्या वेळी वर्गात, सावलीत बसणंही बरंच उपयोगी, कारण घरात ओझोन बाहेरपेक्षा कमी असतो.

• दह्याचा प्रयोग करा. तीन वाट्या : एकात नुसतं दूध, दुसऱ्यात विरजण लावून फ्रीजमध्ये, तिसऱ्यात विरजण लावून उबेला. घरी करून मुलांनी निरीक्षण लिहायचं. मग एक प्रश्न : "दही लागूच नये असं वाटत असेल तर काय काय करता येईल?" उत्तरं ऐकण्यासारखी येतात. फक्त एवढं स्पष्ट करा, की ओझोनला नुसती ऊब पुरत नाही, सूर्यप्रकाशही लागतो.

• नोंदी ठेवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा ओझोन दिसतो. पाचवी ते आठवीच्या मुलांनी आठवडाभर सकाळी, दुपारी, संध्याकाळी ओझोन आणि तापमान लिहून आलेख काढायचा. गणित आणि परिसर अभ्यास एकाच तासात.

• फाटकापाशी थांबलेल्या स्कूल बस आणि रिक्षांनी इंजिन बंद करावं, हे पालकसभेत ठरवा. मैदानाच्या कोपऱ्यात पालापाचोळा जाळणं बंद करा, खड्डा करून खत करा.

• ओझोन दिनाच्या भित्तिपत्रकात यंदा दोन चित्रं काढून घ्या : वर छत्री, खाली दुपारचा रस्ता. दोन्हींवर 'ओझोन' लिहा आणि फरक मुलांनाच सांगू द्या.

• झाडं जरूर लावा. 'झाडंच ओझोन करतात' असा उलटा अर्थ कुणी काढू नये. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराशिवाय झाडाचं आयसोप्रीन फारसा ओझोन करू शकत नाही. सावली, गारवा आणि शोषून घेणारी पानं हवीतच.

यातलं काही केलं म्हणून पुण्या-नागपूरचा ओझोन उद्या खाली येणार नाही, हे मलाही माहीत आहे. तो खाली येईल वीजकेंद्रांवर, वाहनांवर, इंधनावर आणि कचराभूमीवर बंधनं आल्यावर, आणि त्याच बंधनांनी तापमानवाढही थोडी आवरेल. ते काम सरकारचं आहे. पण मागणी करायला माणसांना आधी विषय माहीत हवा. आज गावातल्या शाळेजवळ ओझोन मोजणारं केंद्र क्वचितच असतं, जास्तीत जास्त यंत्रं शहरांत आहेत. जिथे ओझोन जास्त जमतो ते गाव मोजलंच जात नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत, ग्रामसभेत हा एक ठराव मांडून बघा : आमच्या तालुक्यात एक तरी मोजणी केंद्र हवं, आणि स्वच्छ हवा कार्यक्रमात धुळीच्या बरोबरीने ओझोनचंही लक्ष्य हवं. ठरावाचा कागद तहसीलदारांकडे जाईल, कदाचित तिथेच पडूनही राहील. तरी दरवर्षी द्यायचा.